थरथरत्या जाळीवरची उडी

सगळ्यात आधी मावशी, मग बाकीचं. साखर कारखान्याच्या गोदामात झाडलोट करणाऱ्या, बेलापूरच्या, पन्नाशीच्या मावशी. त्या नसत्या तर मी त्या उन्हाळ्यात पत्र्याची पेटी उचलून कर्जतकडच्या माझ्या गावाला परत गेलो असतो. दुसरा उपकार एका ट्रॅक्टरवाल्याचा. त्याचा चेहरा आठवत नाही, ट्रॅक्टरचा मात्र आठवतो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. सातवीत शाळा सोडून मी पुष्कळ ठिकाणी राबलो होतो आणि विशीत या कारखान्यात हंगामी लागलो होतो. घर दोन एसट्या बदलून लांब. हंगाम संपला की हंगामी माणसाने घरी जायचं, हा नियम. आणि घरी गेलो की पुढच्या हंगामात कोयता घेऊन, कुठल्या तरी टोळीबरोबर, कदाचित याच कारखान्याच्या उसात यायचं, हेही ठरलेलं. मला काळजी करायला एरवीही कारण लागत नाही. इथे तर ते आयतंच होतं. कार्तिकात लागलो आणि संक्रांतीपासूनच हंगाम संपल्याची काळजी करू लागलो.

माझं काम चाळणीवर. वाळलेली साखर लोखंडी चाळणीवर पडायची, चाळणी अखंड हादरायची, बारीक-जाड दाणा वेगळा व्हायचा. शेजारी लोखंडी जाळीचा माळा होता. त्यावर उभं राहून मी साखरेचे गोळे फोडायचो. चाळणी हादरली की माळा हादरायचा, माळा हादरला की मी. आठ तास. सुरुवातीला बोलताना माझ्या शब्दांचे तुकडे पडत. पाळी संपवून खाली उतरलो की जमिनीला काय झालं, ती अशी गप्प का, असं वाटायचं.

एकदा चहाला म्हणून खाली उतरलो. वाटेत मळी, म्हणजे साखर काढून उरलेला काळा चिकट पाक, वाहून नेणारी गटार होती, सगळे ती फळीवरून ओलांडत. मी विचारात होतो. फळी चुकलो आणि जागच्या जागी उडी मारून पलीकडे पडलो. म्हणजे गटारीच्या पलीकडे, आणखी हातभर पुढे.

"आरं ए कर्जतकर!" झाडू थांबवून मावशी ओरडल्या. "परत मार बरं."

"काय मावशी?"

"उडी. डोळं हाईत मला, झाडूबरुबर गहाण न्हाई टाकल्यालं."

मी परत मारली. मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. हे त्या फक्त जेवायला बसताना करत.

मग त्यांनी सांगितलं. कारखान्याचा व्हॉलीबॉलचा संघ होता. उन्हाळ्यात कारखान्या-कारखान्यांचे सामने व्हायचे, म्हणून संघातल्या माणसांना हंगाम संपला तरी ठेवून घेत. "जाळ्यावर उडी मारनाऱ्याचं औंदा लगीन झालं. आता त्याला बायकूच्या हातचं जेवान लागलंय, उडी लागंना. त्याची जागा मोकळी हाय."

"पण मला व्हॉलीबॉल येत नाही."

"तुला इचारलंय कुनी? चाचनी उडीची हाय."

आमची तालीम सुरू झाली. मावशींनी सांगायचं, बोट मळीत बुडव आणि गोदामाच्या भिंतीला उडी मारून लाव. खडूपेक्षा हे बरं होतं, कारण दुसऱ्या दिवशी मुंग्या रांगेने तिथवर चढलेल्या असत आणि माझी उडी किती, ते अख्ख्या गोदामाला कळे. पोती शिवणारे विचारत, "काय, आज मुंग्या कुठपत्तुर गेल्या?"

मावशींच्या लगेच लक्षात आलं की जाळीवर थोडाच वेळ उभा राहून उतरलो की मुंग्यांना जास्त चढावं लागतं. पण आठ तासांची पाळी संपवून आलो की नाही. त्यांनी त्याचा पिच्छाच पुरवला. गुडघे थोडे वाकवून जाळीवर दोन मिनिटं उभं राहायचं, खाली उतरून चार श्वास घ्यायचे आणि उडी. "पायाला मुंग्या यायच्या आत उतरायचं. मुंग्या भितीवर पायजेत, पायात न्हाई." आमच्या प्रयोगशाळेतले केमिस्टसाहेब एकदा ते बघत उभे राहिले. म्हणाले, रशियात अंतराळात जाणाऱ्यांना असंच थरथरत्या फळीवर उभं करतात म्हणे, पाय बळकट राहावेत म्हणून.

"मंग आमचं काय येगळं हाय सायेब," मावशी म्हणाल्या. "ह्याला फकस्त तितक्या वर न्हाई धाडायचा."

महिन्याभरात मुंग्या चार बोटं वर गेल्या.

चाचणी चौदा एप्रिलला, जयंतीच्या सकाळी ठरली. कारखाना चालू होता, पण ऑफिसला सुट्टी, म्हणून साहेबलोक मोकळे. आदल्या दिवशी माझ्या मनात काळजीने जो विचार आणला, तो शाळा सोडलेल्यालाच सुचू शकतो, असं मावशी नंतर म्हणाल्या. पण मला वाटतं तो कुणालाही सुचला असता. दोन मिनिटांनी चार बोटं वाढतात, तर सोळा तासांनी किती? मी जोडीदाराची पाळीही मागून घेतली आणि सलग दोन पाळ्या, गुडघे वाकवून, त्या जाळीवर उभा राहिलो.

सकाळी शिडीवरून उतरलो तेव्हा पाय माझे आहेत की जाळीचे, समजेना. चप्पल घातली की नाही हे वाकून बघावं लागलं.

चाचणीला आम्ही तिघे. जागा तीच, गोदामाची भिंत. मोजायला खेळाचे साहेब, टेप घेऊन. मळीची वाटीही तीच, कारण साहेबांना ती पद्धत पसंत पडली होती. तिघांना तीन-तीन उड्या. दोघांच्या पहिल्या उड्या चांगल्या गेल्या. मग मी. मी मनाने उडालो, पाय खालीच राहिले.

"अहो, उडी मारा," साहेब म्हणाले. "नमस्कार काय करताय!"

सगळे हसले. तेवढ्यात मावशी आल्या. विहारातली वंदना आटोपून थेट. अंगावर नवंकोरं, कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं.

"किती येळ हुबा हुतास?"

"दोन पाळ्या."

"आरं मुडद्या, मीठ चांगलं लागतं म्हनून कुनी पोतं खातं का?"

त्यांनी साहेबांना सांगितलं, ह्याच्या उड्या शेवटी घ्या, पोटात कळ आलीया. मला गोदामाच्या सावलीत पालथं पाडून पिंढऱ्या अशा रगडल्या की कळ खरोखरच आली. मुंग्या निघाल्या, पाय परत आला, पण मेल्यासारखा थंड. जाळीवर चढायला आता वेळ नव्हता. समोर उसाचा एक ट्रॅक्टर वजनासाठी थांबला होता, इंजिन धडधडत होतं.

"भाऊ, बंद नका करू," मावशी ट्रॅक्टरवाल्याला म्हणाल्या. "ह्याला दोन मिन्टं हुबा करायचाय."

"कशाला?"

"जयंती हाय."

त्याने पुढे काही विचारलं नाही, उलट इंजिनाला जोर दिला. मी पाय ठेवायच्या पत्र्यावर गुडघे वाकवून उभा राहिलो. दात वाजत होते. मावशी खालून मोजत होत्या. "उतर!" म्हणाल्या तसा उतरलो, अडखळलो आणि तोल जाऊ नये म्हणून त्यांचाच खांदा धरला.

माझ्या त्या हाताला पहिल्या उडीची मळी होती. आता ट्रॅक्टरचं ग्रीसही. पांढऱ्या लुगड्यावर पाचही बोटं उमटली.

मी तिथेच रडकुंडीला आलो. मावशींनी खांद्याकडे पाहिलं सुद्धा नाही. "चार श्वास घे," म्हणाल्या. "जा."

दुसरी उडी बरी गेली. तिसरी दोघांच्याही वर, दोन बोटं. साहेबांनी टेप दोनदा लावला आणि माझं नाव यादीत लिहिलं.

मी राहिलो. त्या उन्हाळ्यात आणि पुढचे कितीतरी उन्हाळे. पहिल्याच सामन्यात इतका उंच उडालो की चेंडू माझ्या काखेखालून गेला. पण तोवर यादी वर गेली होती, आणि यादीतलं नाव खोडणं हे आमच्या ऑफिसला उडी मारण्यापेक्षा अवघड होतं. पुढे मला व्हॉलीबॉलही थोडंफार आलं.

त्या दिवशी मात्र मावशी तशाच मिरवणुकीला गेल्या, खांद्यावर माझा पंजा घेऊन, सगळ्यांच्या पुढे. बायकांनी विचारलं तर म्हणाल्या, "पोराला वर चढवलं, त्याची खून हाय." ते ग्रीस कधीच निघालं नाही. त्या दर जयंतीला तेच लुगडं नेसत, आणि मी बघतोय असं दिसलं की पदर त्या खांद्यावर ओढून घेत.

आता मी बेलापूरपासूनही लांब आहे. मावशी थकल्यात, गुडघे धरलेत, असं कानावर येतं. मावशी, एका जयंतीला सकाळीच, विहारातली वंदना सुटायच्या आत, तसंच कडक इस्त्रीचं पांढरं लुगडं घेऊन मी येणार आहे. हात धुऊन येईन.