गॅरेजच्या अर्ध्या भागासाठी तीस मैल

सकाळी साडेसहाला अमेरिकेतल्या, अल्फारेटाच्या घरातून निघताना मी माझ्या गाडीकडे एकदा पाहून घेतलं. ती नेहमीप्रमाणे दारातल्या स्वीटगमच्या झाडाखाली उभी होती, टपावर चिकट पानं आणि पक्ष्यांचा प्रसाद घेऊन. दोन गाड्यांच्या आमच्या गॅरेजमध्ये तेव्हा एकही गाडी मावत नव्हती. अर्ध्या भागात डीप फ्रीझर, सुटकेसेस आणि मुलीच्या शाळेपासूनची खोकी. उरलेल्या अर्ध्यात माझ्या नवऱ्याच्या, शिरीषच्या, चार सायकली. त्याला पाचवी आणायची होती.

खरं तर आम्ही फ्रान्सला जाणार होतो. द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांतून सायकलने फिरायचं, हे शिरीषने दोन वर्षं घोकलं होतं. ऐन वेळी त्याचा पासपोर्ट नूतनीकरणात अडकला आणि फ्रान्स कॅन्सल झालं. मग त्याने घरापासून तासाभरावरचं डलॉनेगा शोधलं. उत्तर जॉर्जियातलं डोंगराळ गाव, भोवती द्राक्षमळे आणि वाइनरी, काही वेली चक्क फ्रेंच जातीच्या.

“सेम टेरेन आहे,” शिरीष म्हणाला. फ्रान्स त्यानेही पाहिलेलं नाही. “पण तुला नाही झेपायचं.”

इथे पैज लागली. तीस मैल, तीन वाइनरी, शेवटची टेकडीच्या माथ्यावर. मागून एक गाडी येणार. त्या गाडीत एकदाही न बसता मी माथ्यावर पोहोचले, तर सायकलींची जागा माझ्या गाडीला. बसले, तर पाचवी सायकल येणार आणि मी गॅरेजचा विषय पुन्हा काढायचा नाही.

गाडी चालवायला होते नंदूभाऊजी, शिरीषचे नागपूरचे मित्र. त्यांनी वसंतात सायकलवरून पडून खांद्याचं हाड मोडून घेतलं होतं. हात झोळीतून बाहेर आला होता, डॉक्टरांनी गाडीला परवानगी दिली होती, सायकलला नाही. म्हणून ते चालकही आणि पंचही.

“वहिनी, मागची सीट मोकळी ठेवून राहिलो तुमच्यासाठी,” ते म्हणाले. “एसी फुल. लाजायचं काम नाही.”

डलॉनेगाच्या चौकात आम्ही सायकली उतरवल्या. शिरीष नखशिखान्त काळ्या, घट्ट, चकचकीत पोशाखात होता. त्याच्या बुटांच्या तळाला पट्ट्या असतात, त्या पेडलमध्ये खटकन अडकतात. गिअर बदलायला बटण आहे, आतलं यंत्र बॅटरीवर चालतं. माझ्याकडे मुलीची जुनी सायकल होती. ती ॲन आर्बरला शिकायला गेली तेव्हा ही मागे टाकून गेली. मी सुती पँट घातली होती, घोट्याशी रबरबँड, पायात कॅनव्हासचे बूट. पिशवीत तासगावहून भावाने पाठवलेले बेदाणे. रोज तासभर चालते, त्यामुळे दम लागेल याची भीती नव्हती.

पहिले सात मैल चढउतार बेताचे होते. कुंपणांपलीकडे गाई, मधूनच एखादं पांढरं चर्च, आणि मग डाव्या हाताला एकदम वेलींच्या रांगा सुरू झाल्या. पहिली वाइनरी. शिरीष पाणी भरायला गेला आणि मी सरळ बागेत शिरले. माझा जन्म तासगावचा. वडिलांची द्राक्षबाग होती, त्यामुळे वेल दिसली की मी आधी पान उलटून बघते. इथे उलटायचीही गरज नव्हती. पानांवर वरूनच पिठासारखी भुरी (बुरशीचा रोग) दिसत होती.

“मॅडम, टेस्टिंग रूम तिकडे आहे,” मागून आवाज आला. माझ्याच वयाची मालकीण होती, डेबी नावाची, हातात कात्री.

“टेस्टिंग नको. तुमच्या या चार रांगांना भुरी लागलीय,” मी सांगितलं. “घडांजवळची पानं काढा, हवा खेळू द्या.”

तिने एक पान बोटाने पुसलं. “हे मी माझ्या मॅनेजरला आठवडाभर सांगतेय! तो म्हणतो, ती धूळ आहे.”

“धूळ चार रांगा मोजून बसते का?”

डेबी खो खो हसली. ग्लास पुढे केला. मी माथ्यावरच्या वाइनरीपर्यंत काही पिणार नाही म्हटल्यावर म्हणाली, “तो शेवटचा चढ? अगं बाई. देव तुझं भलं करो.” इकडच्या बायका हे वाक्य आशीर्वाद म्हणून वापरत नाहीत, एवढं मला पंचवीस वर्षांत कळलं आहे.

पुढे पहिला मोठा उतार लागला. तासगावात दहाव्या वर्षी सायकल शिकवताना वडिलांनी एकच नियम सांगितला होता: उतारावर उजवा ब्रेक दाबायचा नाही, तो पुढच्या चाकाचा, डावा दाबायचा. मी नियम पाळला. वेग वाढला तसा डावा ब्रेक पूर्ण आवळला. मागचं चाक हवेत गेलं, त्यामागून मी गेले.

अमेरिकेत ब्रेक उलटे असतात. डावा पुढचा, उजवा मागचा. हे मला घराजवळच्या सपाट गल्ल्यांत कधी कळायचं कारणच पडलं नव्हतं.

मी पडले ती कुडझूत (इथली वाट्टेल तिथे माजणारी वेल). तिने अख्खी झाडं, खांब, एक पडकी खोपटी गिळली होती, मलाही अलगद घेतलं. कोपर खरचटलं, बाकी शाबूत. वर रस्त्यावर गाडी थांबली.

“वहिनी, जिवंत आहात न?” नंदूभाऊजींचा आवाज खरंच घाबरलेला होता. मी वर चढून आले तसा तो सुधारला. “दार उघडून देऊ का मग?”

“दार लावा, एसी वाया जातोय.”

शिरीष परत फिरून आला, माझं कोपर पाहिलं, मग सायकल. पुढचं चाक वाकून ब्रेकला घासत होतं. “संपलं,” तो म्हणाला. “हे घेऊन तू चढू शकत नाहीस.” चेहरा काळजीचा होता, पण त्यात पाचवी सायकल स्पष्ट दिसत होती.

मी पुढच्या ब्रेकची खिट्टी सैल केली. चाक डुलत, पण मोकळं फिरायला लागलं. मागचा ब्रेक उजव्या हाताला, हे तीनदा मोठ्याने म्हटलं आणि निघाले. यापुढचे उतार मी उतरून, सायकल हाताने धरून पार केले.

“हे सायकलिंग नाही!” शिरीष ओरडला.

“पायी चालायला बंदी होती का हो, भाऊजी?”

“नाही न वहिनी,” पंच म्हणाले. “फक्त गाडीत बसायचं नाही.”

दुसऱ्या वाइनरीजवळ रस्त्याकडेला एक म्हातारा मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात शेंगा उकडत होता. भुईमुगाच्या ओल्या शेंगा, अगदी आपल्याकडच्यासारख्या! मी दोन कागदी पिशव्या भरून घेतल्या. माझं डुलणारं चाक बघून तो म्हणाला, “माझा पिकअप आहे. सोडू वर?” खिडकीतून नंदूभाऊजींनी बोट हलवलं. “तोही गाडीतच मोजला जाईल, वहिनी.”

शेवटचा चढ दोन मैलांचा. डेबी खोटं बोलली नव्हती. पहिल्याच वळणावर शिरीष पुढे दिसला, जागच्या जागी डुगडुगत. बटण दाबत होता आणि काही होत नव्हतं. मग तो हळूच एका बाजूला कलला, बूट पेडलमधून सुटले नाहीत, आणि सायकलसकट गवतात आडवा झाला.

“गिअरची बॅटरी गेली,” तो पडल्या पडल्या म्हणाला. “अवघड गिअरवर अडकलंय. तू रात्री चार्जिंगला लावली नव्हतीस?”

“मी?”

पट्ट्यांचे बूट डांबरावर घसरतात, म्हणून त्याने ते काढून हातात घेतले. मोज्यांवर चालायला लागला. मीही उतरले. दोघं सायकली ढकलत चढत होतो. दुपारचं ऊन, डांबर तापलेलं. मी शेंगा सोलत होते, तो टाचांवर उड्या मारत होता.

“असं करू यार,” अर्ध्या वाटेवर तो म्हणाला. “दोघं गाडीत बसू. ड्रॉ. कोणाला सांगायचं नाही.”

मी क्षणभर मागे पाहिलं. नंदूभाऊजींनी दोन्ही दारं उघडून ठेवली होती, गार हवा पायांपर्यंत येत होती. मग मला स्वीटगमचं ते झाड आठवलं.

“तू बस,” मी म्हटलं. “तुझी कुठे पैज आहे?”

तो बसला. मी मूठभर बेदाणे तोंडात टाकले आणि उरलेला मैल चालत गेले. माथ्यावर पोहोचले तेव्हा शिरीष सावलीत पाय बर्फाच्या बादलीत घालून बसला होता. खाली दरीभर वेलींच्या रांगा, पलीकडे निळे डोंगर. वाइन जरा आंबट होती. ग्लासभर प्यायले, शेंगांबरोबर.

आता माझी गाडी गॅरेजमध्ये असते. शिरीषच्या चारही सायकली मी मागच्या भिंतीला हुक मारून टांगल्या आहेत. त्या काढायच्या तर आधी गाडी बाहेर घ्यावी लागते आणि किल्ली माझ्या पर्समध्ये असते. माझी सायकल दाराशी. चाक सरळ केलं, आणि दुकानात सांगून ब्रेकही आपल्या पद्धतीने बसवून घेतले. पंचवीस वर्षं मी रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवते, मैलांत आणि फॅरनहाइटात विचार करते, पण डावा हात तासगावचाच राहिला आहे. त्याला शिकवत बसण्यापेक्षा सायकल बदलणं सोपं.

गेल्या रविवारी मी झोपलेली असताना शिरीषने न विचारता माझी सायकल काढली. आमचा ड्राइव्हवे उताराचा आहे आणि त्याच्या टोकाला होली नावाच्या झुडपाचं काटेरी कुंपण. त्याने सवयीने उजवा ब्रेक आवळला.

कुडझू किती मऊ असते, ते त्याला आता पटलं आहे.