अण्णाच्या परड्यातला सूर्य

आमच्या अण्णानं अनगोळच्या घरामागं, परड्यात, वेधशाळा बांधली. सिमेंटच्या ब्लॉकची खोली आणि वर पत्र्याचं छप्पर. जुन्या गेटच्या चाकांवर ते छप्पर मागं ढकललं की डोक्यावर आभाळ उघडं. अण्णा लेथवर काम करतो. दुर्बिणीचा खांब त्यानं फरशीला कुठंही न टेकवता वेगळ्या पायावर उभा केला, कारण एरवी खोलीत कुणी चाललं तरी दुर्बिणीत ग्रह थरथरायचे. मी त्याची धाकटी बहीण, जवळच राहते. एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं, त्यावरच माझं घर चालतं.

एका रविवारी सकाळी त्यानं सूर्यावरचे डाग बघायला बोलावलं. दुर्बिणीच्या तोंडावर चकचकीत फिल्टर बसवला होता, कडेनं चिकटपट्टी. त्यातून सूर्य फिकट नारिंगी दिसतो, त्रास काही नाही. वहिनीनं बघितलं, मग मी वाकले. डोळा भिंगाला लागतो न लागतो तोच वाऱ्याचा झोत आला, पत्रा खडखडला आणि उजव्या डोळ्यात पांढरंफेक काहीतरी घुसलं. मी मागच्या मागं बसले. फिल्टर उडून चिक्कूच्या झाडाखाली पडला होता.

अण्णानं आधी दुर्बीण सूर्यावरून बाजूला फिरवली, मग माझ्याकडं आला.

"दुखतंय काय गं?"

"न्हाय."

मला वाटलं, तो सुटकेचा श्वास सोडेल. पण त्याचा चेहरा उतरला. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळतच नाही, हे त्याला ठाऊक होतं. ते त्यानं मला रिक्षात बसल्यावर सांगितलं.

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी थेंब घालून बराच वेळ आत बघितलं. अण्णाशी त्या कन्नडमध्ये बोलल्या, माझ्याशी सावकाश मराठीत.

"मध्यभागी थोडं भाजलंय. कदाचित भरून येईल. आत्ताच सांगता येणार नाही."

"मी लॅबमध्ये काम करते, मॅडम."

"म्हणूनच खोटं सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी डावा डोळा झाकून कॅलेंडर बघितलं. ज्या आकड्याकडं बघावं, तोच नाहीसा. आजूबाजूचे सगळे जागच्या जागी, आणि बरोबर मध्ये करडा ठिपका. माझ्या मुलीच्या चेहऱ्याकडं बघितलं तर नाक गेलेलं. मी घरात कुणाला काही बोलले नाही. भात ढवळताना, केस विंचरताना, एकटी असले की हळूच डोळा झाकून बघायची. ठिपका वाढला असं वाटलं की पुन्हा कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहायची. दुसऱ्या डोळ्याचंही असंच झालं तर, या विचारानं मी उन्हात जायचं सोडलं. बाजारातून येताना स्टीलच्या भांड्यांवर ऊन चमकलं तरी मान खाली घालायची.

अण्णा रोज संध्याकाळी यायचा, दारातच बसायचा. एकदा म्हणाला, "सगळं काढून टाकतो बघ. पत्रा, खांब, सगळं."

"काढून माझा डोळा बरा हुतोय व्हय?"

 मी रागावून बोलले नव्हते. त्याला आत घेतलं आणि चहा टाकला.

लॅबमध्ये मी डाव्या डोळ्यानं बघायला शिकले. पहिले काही दिवस रक्ताची प्रत्येक काचपट्टी मी सोबतच्या बाईंकडून पुन्हा तपासून घेतली. एखाद्या पेशंटचं काही सुटलं तर काय, ही धास्ती वेगळीच होती.

ठिपका आक्रसत गेला. तीन-चार महिन्यांनी पुरा आकडा दिसायला लागला, फक्त कडा वितळल्यासारख्या. एवढंच राहील, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. बाहेर बाकड्यावर बसून मी आणि अण्णा दोघंही रडलो.

त्यानं फिल्टरला आता धातूचं कडं करून तीन स्क्रूंनी आवळलंय. तो मला बोलावत नाही. गेल्या महिन्यात मीच गेले, चांदणं पडल्यावर, आणि चंद्र बघितला. डाव्या डोळ्यानं. वाकताना अण्णानं माझा खांदा धरून ठेवला होता.