आठ सिलिंडरचे सोपानतात्या

गाडी बघायला आलेल्या माणसाला सोपानतात्या गाडीकडे पाठ करून बसवायचे. खाट मुद्दाम तशीच टाकलेली असे. चहा येईपर्यंत पाऊसपाणी, पाहुण्याचं गाव, मुलांची शिक्षणं असं सगळं विचारून व्हायचं आणि तेवढ्या वेळात पाहुण्याची मान किती वळते यावर तात्यांचा डोळा. सारखी वळली की पाहुणा नापास. तो उठून गेला की तात्या सांगत, "ह्यो आठ दिसांत कुनाच्या तरी अंगावर घालंल."

गाडी होतीच मान वळवणारी. अमेरिकेहून आलेली, गडद निळी, दोनच दारांची आणि लांबलचक बॉनेटखाली आठ सिलिंडरचं इंजिन. तात्या पुण्यात ज्या कारखानदाराकडे ड्रायव्हर होते, त्यांनी ती म्हातारपणी तात्यांनाच देऊन टाकली. कामथडीला, त्यांच्या गावच्या गोठ्यात, ती दोन म्हशींशेजारी उभी असे. लग्नसराईत भोर-वेल्ह्याच्या कित्येक नवऱ्या त्या गाडीतून सासरी गेल्या.

मी जनावरांची डॉक्टर. एका म्हशीच्या कासेला सूज आली म्हणून तिथे गेले होते. काम उरकून हात धुताना गाडी दिसली आणि तोंडातून निघून गेलं, "हिला काय झालंय?"

"तिला काय धाड भरलीया? माझा गुडघा गेलाय. क्लच दाबवंना," तात्या म्हणाले. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "तुमी घेता का?"

पुढे महिनाभर मी म्हशीच्या निमित्ताने गेले आणि शेवटी गाडी घेतली. घरच्यांनी मला वेड्यात काढलं. त्यांचं फारसं चुकलं होतं असं मला आजही म्हणवत नाही.

गाडी माझी झाली, पण दर रविवारी तात्या शेजारच्या सीटवर हजर. मी पहिल्याच रविवारी रंगाचं बोलायला लागले, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "वरीसभर रंगाला हात लावायचा न्हाई. आदी ब्रेक, मग टायर, मग पेट्रोलच्या पायपा. रंग लोकांसाटी असतोय." टायरची नक्षी नवी दिसत होती, ती बघून मी खूश झाले, तर म्हणाले, "नक्षीला भुलू नका. रबर वाळलंय." किल्ली फिरवण्याआधी बॉनेटपाशी उभं राहून पेट्रोलचा वास येतो का ते बघायचं. जागेवर नुसती चालू करून बंद करायची नाही, फिरवून आणायची. आणि कुणी कितीही हौसेने म्हटलं तरी गाडीच्या तोंडावरच्या जाळीला हार बांधू द्यायचा नाही. "तिला वारा तितनंच मिळतोय. हार आरशाला बांधा, न्हाईतर नवरदेवाला."

एकदा मी आपली हुशारी दाखवायला म्हणाले, "म्हणजे जनावरासारखंच की हिचं." तात्या रागावलेच. "जनावर दुखलं-खुपलं की खानं सोडतंय. ही बिघडली की जास्तीच पिती!" पंपावर माझी दरवेळी खात्री पटत असे. आज तात्या नाहीत, तरी पेट्रोल भरताना मला हसू येतं ते त्यामुळे.

व्यवहाराच्या वेळी त्यांनी एकच अट घातली होती. नात मनीषा या गाडीतून सासरी जाईल आणि ते स्वतः गाडीत बसतील. कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही खिडकीबाहेर बघत. जगाच्या लेकी पोचवणाऱ्या तात्यांची स्वतःची लेक टेम्पोतून सासरी गेली होती. त्या दिवशी गाडी वाटेतच तापून बंद पडली आणि वऱ्हाडाने म्हाताऱ्या गाडीला नको नको ते बोलून घेतलं. "तवा गाडीला बोलले. लागलं मला," तात्या म्हणाले.

मनीषाला वेल्ह्यात दिली. लग्न कामथडीत होतं. जेवून बाहेर आले तर गाडीच्या तोंडावर झेंडू-शेवंतीची जाडजूड चादर! जाळीचा पत्ताच नाही. मी पोरांवर तोंड टाकणार, तोच तात्या काठी टेकत आले. नवं धोतर, नवा फेटा, चेहरा नुसता फुललेला. "म्याच सांगितलं पोरांना. नातीची गाडी भरल्याली दिसाय पायजे." आयुष्यभर जगाला हार बांधू न देणारा माणूस हा! पण तो चेहरा बघून मी चादर तशीच राहू दिली.

दोन दारांच्या गाडीत शालू नेसून मागे शिरणं अवघड, म्हणून तात्यांचा जुना नियम होता, "नवरी म्होरं, नवरदेव मागं." मनीषा माझ्या शेजारी रडत बसली. मागे नवरदेव आणि तात्या. मार्गासनी गाव मागे पडलं, चढ लागला आणि तापमानाचा काटा हलला. मी आरशात बघितलं. तात्याही काट्याकडेच बघत होते. लेकीच्या वेळचं सगळं त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मी गाडी कडेला घेतली. उतरले आणि ती चादर दोन्ही हातांनी ओरबाडून काढली. आजोबाच्या डोळ्यांदेखत नातीच्या लग्नाची फुलं रस्त्यावर पडत होती आणि मला फार वाईट वाटत होतं. मागच्या जीपमधून नवरदेवाचे मामा पाण्याचा कॅन घेऊन धावत आले. "बाई, वता की पानी! दिवस मावळायच्या आत घरात घ्यायचंय नवरीला."

"रेडिएटरचं टोपण आत्ता उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येईल. थांबायचं," मी म्हटलं.

"अवो, पर किती?"

"गार होईपर्यंत."

मामांनी तात्यांकडे बघितलं. तात्या गाडीतूनच म्हणाले, "त्या म्हंत्यात तसं करा."

मग सगळेच उतरले. कुणीतरी शेंगा काढल्या. मनीषा रडायची थांबली आणि झाडाखाली उभी राहून नवऱ्याशी बहुधा पहिल्यांदाच निवांत बोलली. बऱ्याच वेळाने काटा खाली आला. आम्ही सावकाश निघालो आणि ऊन डोंगरावर असतानाच वेल्ह्यात पोचलो. सासूने नव्या जोडप्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मनीषाने माप ओलांडलं. तात्यांनी फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसले.

परतताना नसरापूर फाट्यावर चहाला थांबलो. एका ट्रकवाल्याने गाडीभोवती फेरी मारली, वाकून आत बघितलं आणि विचारलं, "बाबा, गाडी तुमची का?"

या प्रश्नाला "व्हय, आमची" हे उत्तर मी व्यवहारानंतरही कितीदा तरी ऐकलं होतं आणि कधी दुरुस्त केलं नव्हतं. तात्यांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली.

"न्हाई," ते म्हणाले. "गाडी बाईंची हाय. आमी वऱ्हाडी."