घोंगडीखालचा दिवा

चौथी मुलगी झाली म्हणून नकोशीवहिनींना हे नाव मिळालं. नाव ठेवणारे कधीच वर गेले, आणि आज भावकीचं पान त्यांच्यावाचून हलत नाही. बाई खमकी. फक्त त्यांचे मालक, बिरदेवभावजी, मेंढरं घेऊन कोकणात उतरले की तिच्या जिवाचं पाणी होतं.

निरवांगीच्या माळावर त्यांचं घर, त्याच्या अलीकडे आमची डाळिंबाची बाग. त्यांच्या भावकीत बहुतेकांनी मेंढरं विकली. कुणी शेती करतं, कुणी लोणी देवकरला कंपनीत जातं. भावजी सोडायला तयार नाहीत. दसरा झाला की पुतण्याला घेऊन निघतात. गुडघे गेल्यापासून वहिनी मागे राहतात. कळप बाहेर असेपर्यंत रात्री दारातला दिवा विझवायचा नाही, असा त्या घराचा नेम. सासूच्या काळी कंदील होता, आता दारातल्या मेढीला, म्हणजे लाकडी खांबाला, हात पोचेल एवढ्या उंचीवर, बल्ब आहे. “ह्याचा उजेड कोकणात पडतो व्हय?” असं मी एकदा चेष्टेनं विचारलं, तर वहिनींनी कितीतरी दिवस माझ्याशी अबोला धरला.

यंदा त्यांच्या लेकीनं, प्रतिक्षानं, नवंच खूळ काढलं. बारामतीला कॉलेजात तिला तारे बघायचा नाद लागला. मग पुण्याच्या मंडळींना तिनं माळावर मुक्कामाला बोलावलं. शनिवार-रविवार तंबू, दुर्बीण आणि चुलीवरची भाकरी. दिवस कुठला धरला, तर दिवाळीनंतरची अवस!

“अवसंला कुनी पाव्हनं बोलवतं व्हय गं?”

“आई, चंद्र नसला तरच तारं दिसत्यात.”

त्यात भावजींचा फोन लागत नव्हता. वरंधा घाटाच्या पायथ्याहून एकदा बोलले, ते शेवटचं. मग वहिनींनी मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला, मेंढरांत ट्रक घुसल्याचा व्हिडिओ अर्धाच पाहिला. “बिऱ्हाड लादल्याला घोडा आपला हाय का बघ,” म्हणून मला दहादा दाखवला. घोडा त्यांचा नव्हता. तरी शनिवारी भाकरी थापताना त्यांचं लक्ष फोनकडेच. त्या बाईची भाकरी फाटलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

अंधार पडला तशी पाहुण्यांनी, डोळे अंधाराला सरावावेत म्हणून, बॅटऱ्यांना लाल कागद गुंडाळले आणि दुर्बीण उभी केली. थोड्याच वेळात सगळ्यांच्या माना आभाळाकडून बल्बाकडे वळल्या. एकानं अदबीनं विचारलं, तो दिवा बंद करता येईल का.

प्रतिक्षा चुलीपाशी आली. “आई, बल्ब...”

“न्हाय.”

“थोडाच येळ गं. लोकं एवढ्या लांबनं आल्यात.”

“बाप घाटात हाय तुझा. फोन लागंना. आन् तू दिवा इझव म्हनतीस?”

“मला काळजी न्हाय व्हय?” पोरीचा आवाज फाटला. दुपारपासून गोठ्यामागे जाऊन ती बापाला फोन लावत होती, ते मी पाहिलं होतं. तिच्या शब्दावर आलेली माणसं तोंड वाकडं करून गेली असती, तर परत कुणी फिरकलं नसतं. वहिनी उठल्या आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

माळावरून ‘अहाहा’ ऐकू आलं. खरंच, आभाळ ताऱ्यांनी नुसतं भरून गेलं होतं. वहिनींनी मात्र वर पाहिलं नाही. बटणाखाली भिंतीला टेकून त्या बिरोबाचं नाव घेत बसल्या. या वेळी मला चेष्टा सुचली नाही. मलाही भीती वाटत होती.

आणि फोन वाजला. उजेड नको म्हणून त्यांनी तो पदराखाली घेतला. “अवो, कुठं हाय तुमी?”

भावजींचा आवाज मोठा, आम्हालाही ऐकू येत होता. घाटात रेंज नव्हती, मेंढी व्याली म्हणून मुक्काम लांबला, आता टेकाडावर चढून बोलतोय. सगळी धड हाईत. वहिनींना रडू आवरेना.

“दारात दिवा हाय न्हवं?” भावजींनी विचारलं.

वहिनींनी अंधारातल्या मेढीकडे पाहिलं. “हाय की. लख्ख जळतोय. तुमी निवांत झोपा.”

फोन ठेवला आणि लगेच बटण वाजलं. उजेड अंगणभर पसरला. बटणाशी प्रतिक्षा उभी होती.

“अहो, लाईट!” माळावरून ओरडा झाला.

“जेवायला या!” ती डोळे पुसत ओरडली. “आभाळ कुठं पळून जात न्हाय!”

वहिनी उठल्या. आत जाऊन त्यांनी भावजींची जुनी काळी घोंगडी आणली आणि मेढीवरून बल्बावर टाकली. उजेड गडप झाला, तारे परत आले.

“इझवायचा न्हाय असं हाय,” त्या म्हणाल्या. “झाकू नगा असं सासूबाई कुठं म्हनल्या?”

पाहुणे पहाटेपर्यंत आभाळ बघत होते. वहिनी मात्र सारख्या उठून घोंगडीचा कोपरा उचलायच्या आणि आत बघायच्या.