पडला, उठवला

आमचा जागल्या कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना दाराशी चपला काढायचा आणि आत गेला की कुजबुजायचा. चपला धुळीसाठी, हे कळत होतं, पण कुजबुज? "आजारी माणूस आहे आत," तो म्हणायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी भेस्तानच्या एका गुजराती शेठच्या रंगाई मिलमध्ये मी हिशेबाला होतो. गाव राखतो तो जागल्या. हा धुळ्याकडचा, डिंडोलीला राहणारा गडी मिलचा कॉम्प्युटर राखायचा.

आजारी होता तो डेटाबेस. कापडाच्या कुठल्या छटेला, म्हणजे शेडला, कुठला रंग किती, मिलची सगळी विद्या त्याच्या पोटात. तो मधूनच बंद पडे आणि खाली रंगाच्या टाक्या खोळंबत. म्हणून जागल्यानं प्रोग्राम लिहिला: डेटाबेस पडला की आपोआप उठवायचा आणि शेठला, मला नि स्वतःला ईमेल धाडायचा. मजकूर दोन शब्दांचा: 'पडला. उठवला.' ईमेल धाडायला फोनच्या लाइनवरचा मोडेम किंचाळला रे किंचाळला, की मी टेबलावर थाप मारून पुकारायचो, "महाराज पडले होऽ!" ऑफिस खिदळायचं. जागल्या सोडून.

शेठ तर खूश. "जो ने, एनी मेळे ऊभुं थई जाय छे!"

"उठतंय शेठ, पण पडतंय कशानं? डिस्क कामातून चाललीय. अर्धा दिवस मिल थांबवा, सगळं टेपवर उतरवून घेतो."

"दिवाळी माथे छे ने मिल बंध? गांडो थयो छे?" शेठनी त्याला वेड्यात काढलं.

मोडेमचं किंचाळणं वाढतच गेलं. फोनची लाइन एकच, व्यापाऱ्यांना ती सदा एंगेज लागे. शेठनी फर्मान काढलं: उठवणं राहू दे, ईमेल बंद.

जागल्यानं निमूट ते केलं. चपला घालताना मला म्हणाला, "भाऊ, हाक मारनीच नही, ते जागल्या कसाले?" दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.

ऑफिसात अशी शांतता पसरली, की मला थाप मारायला निमित्त उरलं नाही. आत महाराज कितीदा पडत होते नि उठत होते, देव जाणे.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी डेटाबेस ठणठणीत चालू होता. शेडचं नाव टाकलं, तर पुढे कोरी चौकट. दुसरं नाव टाकलं. कोरी. खाली टाक्यांमधलं पाणी तापत राहिलं, त्यात काय घालायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. "बोलाव एने," शेठ पुटपुटले.

मी डिंडोलीहून त्याला घेऊन आलो. सवयीनं त्यानं दाराशी चपला काढल्या. वाकून स्क्रीन पाहिला, चार-दोन नावं टाकून बघितली. मग बाहेर गेला, चपला पायात सरकवल्या आणि तसाच आत आला.

"शेठ," तो खणखणीत आवाजात म्हणाला, "आता मोठ्यानं बोला."