आबांचा वेग
आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या निवृत्तीच्या सत्काराची एक कॅसेट घरात होती. ते गेल्यावर त्यांचा आवाज आमच्याकडे तेवढाच उरला. ती ऐकायची म्हणून मी माळ्यावरून त्यांचा हातात धरायचा जुना कॅसेट प्लेअर काढला. आतला रबरी पट्टा डांबरासारखा वितळला होता. स्पिरिटने सगळं पुसून जळगावहून आणलेला नवा पट्टा बसवला. प्लेअर चालला, पण आवाज ओळखीचा वाटेना.

मोटरच्या भोकात एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की टेपचा वेग बदलतो. सात वक्त्यांनी आबांना ऋषितुल्य म्हटलं होतं, ते कुठल्याही वेगात सारखंच खोटं वाटलं. पंचाईत झाली ती आबा बोलायला उभे राहिल्यावर. मी वेग कमी करत गेलो, तसा आवाज जड आणि शांत झाला.

"हे आबा," मी म्हणालो.

माझी थोरली बहीण, अक्का, दोंडाईच्याहून ऐकायला आली होती. "हाऊ आबाना आवाज नही शे," ती म्हणाली. "आबा इतला हळू कव्हय बोलनात? वाढाव."

मी वाढवला. आवाज पातळ आणि तापट झाला, आणि तिचे डोळे भरले. ती सासरी गेली तेव्हा आबा तरणे होते. माझ्या वाट्याला थकलेले आले.

ती दोंडाईच्याला परतल्यावर मी स्क्रू मागे फिरवला, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. आता डोळे मिटून आबांना आठवायला गेलो, तरी प्लेअरमधलाच आवाज येतो, आणि तो कुठल्या वेगाचा आहे ते मला सांगता येत नाही.