उजळणीबाईचा जबाब

ठाण्यात तिला हवालदार कोणी म्हणत नसे. उजळणीबाई म्हणत, तेही तिला ऐकू जाईल असं.

रोज ड्यूटीवर जायच्या आधी ती कपडे बदलायच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी राही. पिस्तूल रिकामं आहे हे डोळ्यांनी बघे, मग बोट घालून चाचपे. मग कमरेच्या होल्स्टरमधून ते काढी, रोखी, परत ठेवी. पुन्हा काढी. पोरांनी पाढे घोकावेत तसं. दाराबाहेरून कोणीतरी हमखास ओरडे, "बाई, बे दुणे किती झाले?" आणि व्हरांडाभर हशा पिके.

प्रशिक्षणात एका म्हाताऱ्या उस्तादाने सांगितलं होतं, "माणूस घाबरला की डोकं आधी पळतं. हात मागे राहतो. त्या हाताला काहीतरी पाठ असू द्या." आणि म्हणाला होता, "गोळी लागली म्हणजे मेलो, असं नव्हे. ते डॉक्टरला ठरवू द्या." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि जेवायला गेले. हिने ते मनावर घेतलं, एवढंच.

गस्तीच्या गाडीवर तिचा जोडीदार पैलवान. आडवातिडवा गडी, आवाज खणखणीत. कोणाच्या घरी आजारपण असो की बारसं, हा आधी हजर. सगळं ठाणं त्याच्यावर जीव टाकायचं. त्याचं पिस्तूल मात्र सासऱ्याने दिलेल्या घड्याळासारखं होतं. अंगावर असायचं, कधी बघायचं नाही. होल्स्टरच्या पट्टीचं बटण गंजून घट्ट बसलं होतं.

"पैलवान, ते बटण बदलून घ्या," ती म्हणाली होती.

"माझं पोट बघूनच चोर पळतात, बाई. पिस्तूल शोभेला आहे."

एका दुपारी घरमालकाचा फोन आला. तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू खोली सोडत नाही, बंदूक दाखवून धमकावतोय. दोघं जिना चढून गेले. ती दाराच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पैलवान थेट दारासमोर.

"बाजूला या," ती हळूच म्हणाली.

"दार काय माणसाला खातं का?" म्हणून त्याने दारावर थाप मारली.

आतून दार फोडून गोळी आली आणि पैलवान मांडी धरून खाली बसला. भाडेकरू दार उघडून बाहेर आला आणि दुसरी गोळी तिच्या डाव्या हातातून आरपार गेली. पैलवान दोन्ही हातांनी होल्स्टरशी झटत होता. पट्टी सुटत नव्हती. पट्टी ओढताना तो लहान मुलासारखा रडत होता, हे तिने पाहिलं. तिचा उजवा हात तोवर आपलं काम करून बसला होता. दोन गोळ्या झाडल्यावर तिला कळलं की आपण झाडल्या. भाडेकरू उंबऱ्यात कोसळला.

मग तिने त्याची बंदूक पायाने दूर सारली आणि खोलीत दुसरं कोणी नाही ना ते बघितलं. मोरीतला नळ चालू होता, तो बंद केला. वायरलेसवर मदत मागवली. पैलवानाचाच पट्टा काढून, एक टोक दातात धरून, त्याची मांडी आवळून बांधली. "डोळे उघडे ठेवा," ती त्याला सांगत राहिली. "बायकोचं नाव घ्या. घ्या म्हणते ना."

पैलवान वाचला. भाडेकरू दवाखान्याच्या वाटेतच गेला.

चौकशीत पैलवानाने जबाब दिला की पिस्तूल काढलं, पण ते ऐन वेळी अडकलं. ठाण्याच्या साहेबांनी तिला एकटीला बोलावून घेतलं.

"तुम्हीही तसंच सांगा, बाई. कोणाचं काय जातंय?"

"अडकलं म्हटलं तर शस्त्रं तपासणाऱ्याची नोकरी जाईल, साहेब. पिस्तूल अडकलं नाही. बाहेरच आलं नाही."

"जोडीदार आहे तो तुमचा."

"म्हणून त्याची मांडी बांधली. खोटं बोलायचं ठरलं नव्हतं आमचं."

साहेबांनी कागद पुढे ओढला. "नळ का बंद केलात? माणूस मरत होता आणि तुम्ही नळ बंद करत होता."

"पाणी वाहत होतं," ती म्हणाली. त्या नळाचा आवाज तिला पुढे कितीतरी दिवस ऐकू यायचा, पण ते विचारलं नव्हतं कोणी.

पैलवानाची बढती रोखली आणि त्याला गस्तीवरून काढून टेबलाच्या कामावर बसवलं. त्या दिवसापासून ठाण्याने तिच्याशी बोलणं टाकलं. ती जेवायला बसली की बाक रिकामा होई. तिच्या कपाटाच्या कुलपात कोणीतरी डिंक ओतला. गाडीवर तिच्यासोबत जायला जो तो तोंड वाकडं करी. वर आदेश निघाला की यापुढे प्रत्येकाने दर महिन्याला पिस्तूल काढण्याचा सराव करायचा. मग काय, महिन्याच्या महिन्याला सगळं ठाणं उन्हात उभं राही आणि तिच्या नावाने बोटं मोडी. साहेबांनी बदलीचा अर्ज स्वतः लिहून तिच्यापुढे ठेवला. तिने सही केली नाही.

"मी काय केलंय?" एवढंच विचारलं. साहेबांनी पंख्याकडे पाहिलं.

पैलवान समोरच्याच टेबलाशी बसे. त्याने एकदाच तोंड उघडलं. "मेलो असतो तर बरं झालं असतं. फोटोला हार तरी घातला असता लोकांनी."

"घातला असता," ती म्हणाली आणि कामाला लागली.

एके दिवशी किराणा दुकानात पैलवानाची बायको समोर आली. दोघींच्या हातात पिशव्या.

"कशा आहात, वहिनी?"

"कशी असणार? उठल्यापासून झोपेपर्यंत तुमचं नाव ऐकते. शिव्यांशिवाय घेत नाही तो."

"पाय कसा आहे त्यांचा?"

"पाय बरा आहे. चालतो, जेवतो, भांडतो." तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आमच्या दारात मात्र पाऊल टाकू नका तुम्ही."

उजळणीबाईने मान हलवली आणि वाट दिली.

घरी नवरा भाजी निवडत बसला होता. चष्म्याच्या दुकानात काम करायचा तो. माणसाचा चेहरा जवळून बघायची सवय. "कोणी भेटलं का वाटेत?"

"पैलवानाची बायको."

"काय म्हणाली?"

तिने पिशवी ओट्यावर ठेवली. "पाय बरा आहे म्हणाली."